शिवेपलीकडची राखण

जबलपूर शहराच्या ज्या अंगाला आधारताल आहे, त्याच अंगाला रिछाई नावाचा भाग लागतो. आधारताल हे नाव राणी दुर्गावतीचा दिवाण आधारसिंह याच्या तलावावरून पडले, असे तिकडे सांगतात; रिछाईची आजची ओळख मात्र तळ्याची किंवा गढीची नाही, ती कारखान्यांची आहे. येथे औद्योगिक वसाहत उभी आहे. मालमोटारींची ये-जा, पाळी सुटताच रस्त्यावर लोटणारी माणसे आणि भाड्याच्या खोल्यांतून राहणारी, दूरदूरच्या गावांहून पोटासाठी आलेली कुटुंबे, असे कोणत्याही औद्योगिक वस्तीचे रूप असते. अशा वस्तीत शेजारच्या खोलीत कोण राहतो, त्याचे गाव कोणते, हे पुष्कळदा कोणालाच ठाऊक नसते. तेव्हा तेथे रात्री निर्धास्त झोपावयाचे ते कोणाच्या भरवशावर? पोलीस चौकीच्या? पहारेकऱ्याच्या? की शेजाऱ्याच्या?

हा प्रश्न नव्या काळाचा वाटतो; परंतु जबलपूरच्या भूमीला तो नवा नाही. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी हाच प्रश्न या भूमीवर अतिशय भीषण स्वरूपात उभा राहिला होता, आणि त्याचे जे उत्तर येथे शोधण्यात आले, त्याचे बरे आणि वाईट परिणाम पुढे साऱ्या हिंदुस्थानाने भोगले. मराठी माणसाचा तर या कथेशी निकटचा संबंध आहे. नागपूरहून शिवनी, लखनादौन, जबलपूर, सिहोरा, मैहर, रेवा असे टप्पे घेत मिर्झापूरला गंगाकाठी पोहोचणारी वाट हा दक्षिणेतून काशीला जाण्याचा एक मोठा मार्ग होता. आज जबलपूरहून कटनीकडे जाणारा रस्ता आधारतालाच्याच बाजूने शहराबाहेर पडतो. काशीला निघालेला यात्रेकरू घरच्यांचा निरोप घेई तो परतीची खात्री न धरताच. पुढे तो परतला नाही, तर घरची माणसे म्हणत, काशीत देह पडला असेल, पुण्यवान जीव! तो काशीपर्यंत पोहोचला होता की नाही, याची चौकशी करण्याचे साधन त्यांच्यापाशी नव्हते.

या न परतलेल्या माणसांचे काय झाले, हे समजून घेण्यासाठी आधी त्या काळी गावाची राखण कशी होत असे हे पाहावे लागते.

मराठी मुलखात गाव हाच सुरक्षिततेचा पाया होता. माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या प्रदेशाविषयी १८१९ साली जो अहवाल लिहिला, त्यात या व्यवस्थेचे वर्णन आहे. गावातील शांततेची जबाबदारी पाटलाची. त्याच्या हाताखाली चौगुला व कुलकर्णी, आणि प्रत्यक्ष राखणीला जागल्या. बहुतेक ठिकाणी हे काम महारांकडे असे. कोठे रामोशी, कोठे भिल्ल, कोठे मांग ते करीत. जागल्याने रात्री गस्त घालावी, वेशीतून कोण आला, कोण गेला याच्यावर नजर ठेवावी, गावातील प्रत्येकाची चालरीत ओळखावी आणि चोरी झालीच तर माग काढावा. माग काढणे ही एक विद्याच होती. उमटलेल्या पावलावरून चोर जड होता की हलका, पायाने अधू होता की धड, ओझे घेऊन गेला की रिकाम्या हाताने, हे जाणता जागल्या सांगू शके. तो माग त्याने आपल्या गावच्या शिवेपर्यंत न्यावयाचा. पुढच्या गावच्या जागल्याला तो दाखवून दिला, की तेथून पुढची जबाबदारी त्या गावाची. जेथे माग संपला, त्या गावाने चोर तरी द्यावा नाही तर नुकसान भरून द्यावे. आधी जागल्याच्या पदरचे जाई, आणि ते पुरले नाही तर उरलेले गावावर बसे.

या व्यवस्थेत एक मोठे शहाणपण होते. चोरी ही केवळ ज्याच्या घरी झाली त्याची अडचण न राहता ती साऱ्या गावाची अडचण होई. शेजाऱ्याच्या घराकडे लक्ष ठेवण्यात प्रत्येकाचा स्वार्थ गुंतलेला असे. पण या व्यवस्थेचे दोन दोषही तितकेच मोठे होते. एक असा, की ज्याने वेस राखावयाची त्याचे घर वेशीच्या बाहेर. गाव ज्याच्या डोळ्यांवर विसंबून झोपे, त्याला गाव आपल्या पंगतीला घेत नसे. आणि नुकसान झाले की पहिला हात त्याच्याच फाटक्या पदराला पडे. दुसरा दोष असा, की या राखणीला शीव होती. जो माणूस गावचा, त्याची काळजी गावाला. जो वाटेवरचा, त्याची काळजी कोणाला? तो नाहीसा झाला हे ओरडून सांगणारेच कोणी जवळ नसे. ज्याच्यासाठी कोणी रडले नाही, त्याचा माग कोण काढणार?

ठगांनी नेमकी हीच जागा हेरली होती.

ठगीविषयी पुढे इतक्या कादंबऱ्या व आख्यायिका निर्माण झाल्या, की मूळ गोष्ट तिच्याखाली झाकून गेली. त्या बाजूला सारल्या तर जे उरते ते असे. काही टोळ्या व्यापाऱ्याच्या, शिपायाच्या वा यात्रेकरूच्या वेषात रस्त्याने प्रवास करीत. वाटेत भेटणाऱ्या प्रवाशांशी गोडीने बोलून, वाटचोरांची भीती घालून, सोबत जाऊ म्हणून त्यांचा विश्वास संपादन करीत. पुढे आधीच ठरलेल्या एखाद्या आमराईत किंवा ओढ्याकाठी ठरलेली खूण होताच रुमालाने गळा आवळून सर्वांना ठार मारीत आणि प्रेते पुरून टाकीत. प्रेते पुरण्याच्या या नेहमीच्या जागांना त्यांच्या बोलीत ‘बेल’ म्हणत. दक्षिणेत याच धंद्याच्या लोकांना ‘फासीगार’ हे नाव होते. मद्रासेतील डॉक्टर शेरवुड याने १८१६ साली त्यांच्यावर निबंध लिहिला होता.

यातील मर्म ध्यानी घेण्यासारखे आहे. ठग भीतीवर जगत नव्हता, तो विश्वासावर जगत होता. प्रवाशाला एकटेपणाची जी धास्ती वाटे, तिचाच त्याने सापळा केला. ‘रस्ता वाईट आहे, सोबतीने जाऊ’ हे वाक्य प्रवाशाला जितके हवेसे वाटे, तितकेच ते घातक ठरे.

सत्ता अगदीच अनभिज्ञ होती असेही नाही. रजेवर घरी निघालेले कंपनीचे शिपाई वाटेत नाहीसे होऊ लागले, तेव्हा १८१० साली लष्करी हुकूम निघाला, की शिपायांनी कमरेला रोकड बांधून प्रवास करू नये, रात्री चालू नये, वाटेत अनोळखी माणसांची संगत धरू नये. इटाव्याच्या मॅजिस्ट्रेटने त्याच सुमारास ठग पकडून देणाऱ्यास बक्षिसे लावली. १८१२ साली चंबळ व यमुनेच्या बेहडांतील सिंदौस भागावर फौज गेली. तेथे चकमकी झडल्या, वस्त्या उधळल्या आणि ठग पांगले. परंतु पांगले म्हणजे संपले नव्हेत. ते बुंदेलखंडात, माळव्यात आणि नर्मदेच्या खोऱ्यात उतरले. एका जिल्ह्याने आपले अंगण झाडले, आणि केर शेजारच्या अंगणात गेला.

ज्या नर्मदा खोऱ्यात ते उतरले, तेथे सत्ताही नुकतीच पालटली होती. गढा-मंडल्याचे गोंड राज्य १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांकडे गेले. पुढे १७९८ च्या सुमारास पेशव्यांनी मंडला व नर्मदा खोरे नागपूरकर भोसल्यांना दिले. आणि डिसेंबर १८१७ मध्ये इंग्रजांनी जबलपूर घेतले. चार दशकांच्या आत तीन सत्ता बदलल्यावर कोणता पाटील कोणाला जबाबदार, हे सांगणे कठीण झाले होते. इंग्रजांनी हा सारा प्रदेश सागर व नर्मदा प्रांत म्हणून एकत्र केला, आणि त्याच्या कारभारासाठी १८२० मध्ये ज्या अधिकाऱ्यांची निवड झाली, त्यांत विल्यम हेन्री स्लीमन हा बंगाल लष्करातील तरुण अधिकारी होता.

स्लीमन हा १७८८ साली इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यात जन्मला. १८०९ मध्ये लष्करात शिरला, नेपाळच्या युद्धात लढला आणि येथे आल्यावर लोकांच्या भाषा मनापासून शिकला. १८२२ ते १८२४ या काळात नरसिंहपूर जिल्हा त्याच्या ताब्यात होता. आपल्या जिल्ह्यात साधी चोरी झाली तरी ती आपल्या कानावर येते, असा त्याचा त्या वेळी समज होता. पुढे त्याने स्वतःच मोकळेपणाने लिहून ठेवले आहे, की त्या वेळी कोणी येऊन सांगितले असते, ‘तुमच्या कचेरीपासून चारशे यार्डांच्या आत कंदेली गावात खुन्यांची एक टोळी नांदते आहे आणि येथून एका मजलेवरच्या मुंडेसूरच्या आमराया हे हिंदुस्थानातील मोठ्यात मोठ्या वधस्थानांपैकी एक आहे’, तर त्या माणसाला आपण मूर्ख किंवा वेडा ठरविले असते. पण दोन्ही गोष्टी अक्षरशः खऱ्या होत्या.

स्लीमनच्या कर्तबगारीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु त्याच्या साऱ्या कर्तबगारीहून ही एक कबुली अधिक मोलाची आहे. कर्तव्यदक्ष अधिकारी, लहानशी वस्ती, कचेरीपासून हाकेच्या अंतरावरचे घर. आणि तरीही काही कळले नाही! का कळले नाही? कारण ठग आपल्या गावात चोरी करीत नसे. घरी तो शेत कसणारा, देणी फेडणारा, सणावारी शेजाऱ्यांत मिसळणारा सभ्य गृहस्थ असे. दसरा झाला की तो ‘कामाला’ जाई आणि पावसाळ्याच्या तोंडी पैसा घेऊन येई. त्या पैशातला वाटा कोठे जमीनदाराला, कोठे गावच्या प्रमुखाला पोहोचे. शेजाऱ्याला संशय येत नसेल असे नाही. परंतु मेलेला माणूस आपल्या गावचा नव्हता. गावाची राखण चोख होती. ती केवळ शिवेपाशी थांबत होती.

ही कोंडी फुटली ती १८२९ नंतर. माळव्यात कॅप्टन बोर्थविकने एक मोठी टोळी पकडली. जबलपूरला गव्हर्नर जनरलचा प्रतिनिधी एफ. सी. स्मिथ आणि त्याच्या हाताखाली स्लीमन यांनी पकडलेल्या ठगांपैकी काहींना माफीचे साक्षीदार केले. १८३० च्या अखेरीस फिरंगिया नावाचा नामांकित जमादार हाती लागला. त्याने सांगितलेले इतके भयंकर होते, की प्रथम त्यावर विश्वास बसेना. सलोडा येथे ज्या आमराईत स्लीमनचे तंबू ठोकलेले होते, त्याच आमराईत त्याने पुरलेल्या माणसांच्या जागा दाखविल्या. खणून पाहता प्रेते निघाली. स्लीमनची पत्नी त्या वेळी बरोबर होती. ज्या भूमीवर तिने रात्र काढली, तिच्याच पोटात ती माणसे निजली होती.

यापुढे स्लीमनने जे केले, त्याला शोधकामाचे शास्त्र म्हणावे लागेल. प्रत्येक साक्षीदाराची जबानी स्वतंत्र घ्यावयाची. एकाने सांगितलेली जागा, दिवस व माणसे दुसऱ्याच्या जबानीशी ताडून पाहावयाची. जागा खणून प्रत्यक्ष पुरावा मिळवावयाचा. नाहीशा झालेल्या माणसांचे नातेवाईक शोधून वस्तू ओळखवून घ्यावयाच्या. टोळ्यांच्या वंशावळी तयार करावयाच्या. वधस्थानांचे नकाशे काढावयाचे. एकट्या अयोध्या राज्यात अशा २७४ जागांची नोंद झाली. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे, ही सारी माहिती जिल्ह्याजिल्ह्यांच्या, संस्थानासंस्थानांच्या सीमा ओलांडून एका ठिकाणी आणावयाची. ते ठिकाण म्हणजे जबलपूर. १८३५ मध्ये स्लीमन ठगीनिवारणाच्या कामाचा मुख्य अधिकारी झाला, आणि जबलपूरच्या कचेरीतून सुटणारी पत्रे दूरदूरच्या दरबारांत पोहोचू लागली. १८३६ मध्ये त्याने ठगांच्या सांकेतिक बोलीचा कोश ‘रामसीआना’ या नावाने कलकत्त्यास प्रसिद्ध केला. जी बोली केवळ खुन्यांनाच कळत होती, ती आता चौकीवरच्या जमादारालाही कळू लागली.

जुन्या जागल्याच्या माग काढण्याच्या विद्येचाच हा विस्तार होता. फरक इतकाच, की हा माग शिवेपाशी दुसऱ्याच्या हाती देऊन मोकळे व्हावयाचे नव्हते. तो अखेरपर्यंत एकाच हाताने न्यावयाचा होता. १८३१ ते १८३७ या सात वर्षांत ३२६६ ठगांची प्रकरणे निकालात निघाली. त्यांपैकी ४१२ जणांना फाशी झाली, ४८३ जण माफीचे साक्षीदार झाले, आणि उरलेल्यांपैकी बहुतेक काळ्या पाण्यावर अथवा तुरुंगात गेले. रस्ते मोकळे झाले. सिहोऱ्याच्या पुढे त्याच मिर्झापूर वाटेवर स्लीमनाबाद हे गाव आजही त्याचे नाव सांगत उभे आहे.

येथे कथा संपविली असती तर ती सोपी आणि सुखाची झाली असती. इंग्रजी अमदानीतील पुस्तकांनी ती तशीच संपविली. परंतु इतिहासाला पुढचे पानही उलटावे लागते.

अडचण अशी होती, की खून पाहणारा साक्षीदार जिवंत उरत नसे. तेव्हा अमुक ठगाने अमुक माणसाला मारले, हे सिद्ध करणे दुरापास्त होई. यावर उपाय म्हणून १८३६ चा तिसावा कायदा झाला. त्यान्वये कोणी मनुष्य ठगांच्या टोळीत होता एवढे सिद्ध झाले, मग तो कायदा होण्यापूर्वी असो वा नंतर, की त्याला जन्मठेप सक्तमजुरीची शिक्षा देता येऊ लागली. कोणता गुन्हा केला, कोणाला मारले, हे दाखविण्याची गरज उरली नाही. कायद्याने कृत्याकडून नजर काढली आणि ती माणसाकडे वळविली. ‘तू काय केलेस?’ या प्रश्नाची जागा ‘तू कोणांपैकी आहेस?’ या प्रश्नाने घेतली.

त्यातून साक्ष कोणाची? तर बहुधा माफीच्या साक्षीदाराची. म्हणजे ज्याचा जीव दुसऱ्याचे नाव सांगण्यावर अवलंबून होता त्याची. स्लीमनने जबान्या ताडून पाहण्याची खबरदारी घेतली हे खरे. तरी त्या हजारांमध्ये निर्दोष कोणीच नव्हता, असे आज छातीठोकपणे कोण म्हणेल? राधिका सिंघा यांनी या मोहिमेने कायद्याला कसे वळण लावले हे दाखविले आहे. ठग हा देवीच्या आज्ञेने नरबळी देणारा एक गूढ पंथ होता, या समजुतीलाही नंतरच्या संशोधनाने धक्का दिला. किम वॅग्नर यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ठगी हा लुटीचाच एक प्रकार म्हणून, त्या काळच्या जमीनदारी आणि बेकारीच्या संदर्भात तपासला आहे. मोडलेल्या फौजांतील माणसे, पिकाविना पडलेली शेते आणि वाट्याला चटावलेले जमीनदार यांच्याकडे पाठ फिरवून केवळ देवीकडे बोट दाखविणे राज्यकर्त्यांना सोयीचे होते. गुन्हा धर्मात किंवा रक्तात आहे असे एकदा ठरविले, की पोटाचा प्रश्न विचारावा लागत नाही.

स्लीमनलाही हे अगदी कळत नव्हते असे नाही. माफी मिळालेल्या ठगांना मोकळे सोडता येत नव्हते आणि कायम कोंडून ठेवणेही बरे नव्हते. म्हणून १८३७ साली जबलपुरात एक उद्योगशाळा काढण्यात आली. कॅप्टन चार्ल्स ब्राऊन याने ती चालविली. साक्षीदार ठग व त्यांची मुले तेथे तंबू, सतरंज्या, गालिचे विणण्यास शिकली. जबलपूरचे तंबू व गालिचे दूरवर नावाजले. हातांना काम दिले तर ते हात गुन्ह्याकडे वळत नाहीत, हे तत्त्व येथे प्रत्यक्षात उतरलेले दिसते, आणि ते आजही खोटे ठरलेले नाही. पण त्याच शाळेभोवती कुंपण होते, आणि ज्या मुलांनी कोणाचा केसही वाकडा केला नव्हता, तीही बापांबरोबर त्याच कुंपणात वाढत होती. एका हाताने कायदा चरखा देत होता आणि दुसऱ्या हाताने कपाळावर डाग देत होता.

तो डाग पुढे पसरत गेला. ठगांसाठी केलेली युक्ती दरोडेखोरांना लावण्यात आली, आणि १८७१ मध्ये तिचे शेवटचे टोक गाठले गेले. त्या वर्षीच्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याने संपूर्ण जमातीच जन्मतः गुन्हेगार म्हणून नोंदविण्याची मुभा सरकारला दिली. हा कायदा पुढे मुंबई इलाख्यालाही लागू झाला. मराठी मुलखातील पारधी, कैकाडी आणि अशाच इतर कित्येक जमातींच्या माणसांना चौकीवर हजेरी द्यावी लागे आणि गाव सोडण्यास परवानगी काढावी लागे. सोलापुरात कापडगिरण्यांच्या आसऱ्याने तारेच्या कुंपणातली वसाहत उभी राहिली. आईच्या पोटातून बाहेर येतानाच मूल आरोपी ठरत होते.

आणि याच काळाच्या आरंभी, जबलपुरात फिरंगियाच्या जबान्या लिहून घेतल्या जात होत्या त्याच वर्षांत, पुण्याजवळ दुसरी एक गोष्ट घडत होती. ज्या रामोशांनी पिढ्यान्‌पिढ्या पुरंदरसारख्या गडांची आणि गावांची राखण केली, त्यांचे हक्क नव्या अमलात एकेक करून गेले. राखणदाराची भाकर काढून घेतली, तेव्हा राखणदार रानात शिरला. पुरंदरच्या पायथ्याशी भिवडीला जन्मलेल्या उमाजी नाईकाने बंड पुकारले. डिसेंबर १८३१ मध्ये तो पकडला गेला आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यास त्याला फाशी दिले गेले. महाराष्ट्राने त्याला पुढे क्रांतिकारकांत स्थान दिले. ठग आणि उमाजी यांची तुलना होऊ शकत नाही. एकाने विश्वासघात केला, दुसऱ्याने अन्यायाला आव्हान दिले. पण सत्तेच्या दप्तरात दोघांसाठी फास एकच होता. कायद्याचे डोळे कृत्याऐवजी जातीकडे आणि बंडाच्या कारणाऐवजी त्याच्या उपद्रवाकडे वळले, की असा फरक त्यांना दिसेनासा होतो.

जुनी ग्रामव्यवस्थाही हळूहळू बदलली. १८६१ मध्ये पोलीस कायदा आला. मुंबई इलाख्यात १८६७ च्या ग्रामपोलीस कायद्याने पाटलाच्या कामाला कायद्याची चौकट दिली. १८७० मध्ये मुंबईहून येणारा लोहमार्ग जबलपुरात कलकत्त्याच्या लोहमार्गाला मिळाला, आणि काशीची वाट पायी तुडविण्याची गरजच संपली. ज्या वाटेवर माणसे नाहीशी होत, त्या वाटेशेजारून आता आगगाडी शिट्टी देत जाऊ लागली. ठगी व दरोडे निवारणाचे खाते तेवढे १९०४ पर्यंत टिकले आणि मग गुप्त वार्तांच्या नव्या खात्यात विलीन झाले.

स्वातंत्र्यानंतर या इतिहासातील दोन मोठ्या अन्यायांचे परिमार्जन करण्याचा यत्न झाला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द झाला, आणि त्या जमातींना ‘विमुक्त’ हे नाव मिळाले. १९५८ च्या कायद्याने महारवतनासारखी कनिष्ठ गावकामगारांची वतने गेली, आणि वेशीबाहेर राहून वेस राखण्याची वंशपरंपरागत सक्तीही गेली. १९६२ च्या कायद्याने वतनदार मुलकी पाटीलकी संपली. १९६७ च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमाने पोलीस पाटील हा जन्माने नव्हे, तर नेमणुकीने होऊ लागला. गावाच्या राखणीला गावकऱ्यांचे दल असावे, ही कल्पना मुंबई पोलीस अधिनियमात ग्रामसंरक्षक दलांच्या रूपाने आली. मध्य प्रदेशाने १९९९ मध्ये ग्राम व नगर रक्षा समित्यांसाठी स्वतंत्र कायदा केला. १५ ऑगस्ट २००७ रोजी महाराष्ट्रात सुरू झालेली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम तर आणखी एक पाऊल मागे जाऊन विचार करणारी होती. बांधावरचा, वाटणीचा, पाण्याचा तंटा गावातच मिटला, तर त्यातून उद्या होणारी मारामारी आणि खून आजच टळतात, हा तिचा आशय होता.

कायद्यांची ही यादी उत्साहवर्धक आहे; तथापि कायद्याने डाग पुसला म्हणून तो मनातून पुसला जातोच असे नाही. आजही एखाद्या गावी चोरी झाली, की रानाच्या कडेला पाल ठोकून उतरलेल्या विमुक्त कुटुंबाकडे पहिली बोटे वळतात. अफवेच्या जोरावर जमाव गोळा होतो आणि वाटसरू, भिक्षेकरी, परमुलखातला मजूर त्याच्या तावडीत सापडतो. धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. ते पोटासाठी फिरणारे वाटेवरचे लोक होते. ठगांच्या काळी वाटसरू मेला, कारण त्याने अनोळख्यावर विश्वास टाकला. राईनपाड्यात वाटसरू मेला, कारण त्याच्यावर कोणी विश्वास टाकला नाही. दोन्ही वेळी मूळ दुखणे एकच होते. वाटेवरचा माणूस कोणाचाच नव्हता.

म्हणून रक्षणासाठी लोकांनी एकत्र यावे, एवढे म्हणणे पुरेसे नाही. कशासाठी आणि कोणत्या मर्यादेत एकत्र यावे, हेही सांगावे लागते. गस्तीच्या दलाने डोळे उघडे ठेवावेत, संशय आला तर चौकीला कळवावे. परंतु निवाडा आपल्या हाती घेऊ नये. पोलिसाने वस्तीतील माणसे ओळखावीत. परंतु त्यांना त्यांच्या जातीवरून ओळखू नये. आणि ज्या दिवशी राखण करणाऱ्यालाच आपण वेशीबाहेर ठेवतो, त्या दिवशी राखणीचा पाया खचतो, हे समाजाने विसरू नये. आजचा रात्रपाळीचा पहारेकरी, साहेबाच्या गाडीला सलाम करणारा, स्वतः मात्र पत्र्याच्या खोपटात डुलकी घेणारा माणूस, हा त्या जुन्या जागल्याचाच वारस आहे. त्याची मजुरी वेळेवर होते का, त्याला त्याच्या नावाने हाक मारली जाते का, हाही सुरक्षिततेचाच प्रश्न आहे.

रिछाईसारख्या वस्तीला जुन्या गावाची शीव नाही. ती नसणे हे तिचे दैन्य आहे, तसेच ते तिचे भाग्यही आहे. येथे कोणी पिढ्यान्‌पिढ्यांचा वेशीआतला नाही आणि कोणी वेशीबाहेरचा नाही. सगळेच वाटेवरून आलेले. अशा ठिकाणी माणसाने शेजारच्या खोलीतील माणसाचे नाव व गाव विचारून घेतले, तो आजारी पडला की त्याच्या घरी निरोप कोणाकडे धाडावयाचा हे माहीत करून घेतले, चार दिवस तो दिसला नाही तर त्याची चौकशी केली, तर कोणत्याही चौकीहून मोठी राखण तेथे उभी राहते. मिर्झापूरच्या वाटेवर जे हजारो जीव गेले, त्यांच्याविषयी असा एक प्रश्न वेळेवर विचारणारा कोणी असता, तर कंदेलीच्या त्या घराचा दरवाजा कचेरीने कितीतरी आधी ठोठावला असता.